डब्यातली पाऊलवाट

१

ऐका. येडगावच्या धरणाचं पाणी जिथवर फुगून येतं, तिथं बांधाला एक घर. घरात सरूबाई नावाची एक बाई, तिचा एकुलता एक लेक भरत आणि भरतची बायको वृषाली. सरूबाई म्हणजे मीच. माझे मालक, भगवंतराव, जाऊन बारा वर्षं झालेली. गोठ्यात दोन गायी, विहिरीला पाणी, डोक्यावर स्लॅब. भरतच्या लग्नाला नऊ वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता, तेवढं एक सोडलं तर त्या घरात उणं काही नव्हतं.

मला अक्षर येत नाही. पण एकदा पाहिलेलं मी विसरत नाही, हे आधी सांगून ठेवते. पुढं लागणार आहे.

त्या वर्षी बिबट्यानं आमचं वासरू नेलं. मग भरतनं गोठ्याच्या खांबावर कॅमेरा बसवला आणि त्याचं चित्र बघायला आळेफाट्याहून कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर आणला. मागं कुबड असलेला, दोघांनी उचलावा असा. आळेफाट्याला मोहसीनचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचे वडील चांदभाई आमच्या मालकांचा रेडिओ दुरुस्त करायचे, तेव्हापासूनची ओळख.

"आरं, आता पाटीसारखे पातळ मिळत्यात की," मी म्हटलं. "ह्यो हत्ती कशाला?"

"पातळ बिघडलं की फेकायचं, आई. हत्तीला मोहसीन उघडतो, बरा करतो, परत बांधतो."

तो डबा ठेवला ओटीच्या आतल्या खोलीत. डाव्या हाताला दार, उजव्या हाताला धरणाकडची खिडकी. भरतनं टेबल तीनदा हलवलं. म्हणाला, "आईला आकडे वाचता येत न्हाईत, तिला बाजू कळली पायजे. जसं बाहेर तसं आत. डब्यात जनावर खिडकीकडून आलं, तर समजायचं धरणाकडून आलं. दाराकडून आलं, तर घराकडून."

कॅमेऱ्यात दिसायचं तरी काय, तर घराकडून धरणाकडं जाणारी पाऊलवाट. मधला तुकडा तेवढा. ना घर दिसायचं, ना पाणी. तारेचं कुंपण आणि कडेची एक बाभळ.

चालू करताना तो डबा टण्णकन वाजायचा, जसं कुणी पितळी परातीवर बोट मारावं. चित्र थरथरायचं, मग स्थिर व्हायचं. काचेजवळ हात नेला की हातावरची लव उभी राहायची. वृषाली म्हणायची, त्यातून डासासारखा बारीक आवाज सारखा येतो. मला तो कधी ऐकू आला नाही. गायींना यायचा. डबा लावला की दोघी कान टवकारायच्या.

२

मार्गशीर्षातली गोष्ट. चारचा सुमार. चुलीवर चहा ठेवलेला आणि धरणावरची मोटर बंद पडली. भरत पान्हा घेऊन निघाला.

मी दारातून हाक मारली, "चहा पिऊन जा रं!"

चालता चालता त्यानं मान वळवली. "आलोच," म्हणाला.

तो आला नाही.

पाण्याच्या कडेला त्याच्या चपला सापडल्या, एकीशेजारी एक, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा. पाणबुडे तीन दिवस पाणी ढवळत होते. काही नाही. पोलिसांनी लिहून घेतलं. मोहसीन आला, त्यानं कॅमेऱ्याचं चित्र जिच्यात साठतं त्या डबीतलं त्या वेळचं चित्र पुसलं जाऊ नये म्हणून वेगळं जपून ठेवलं आणि वृषालीला ते कसं लावायचं, कुठं थांबवायचं ते दाखवलं.

तिनं ते थांबवलं. भरत घराच्या बाजूनं नुकताच चित्रात शिरलाय, खिडकीकडं, म्हणजे पाण्याकडं चाललाय, हातात पान्हा, आणि मान मागं वळलेली. माझ्या हाकेला वळलेली. नेमकं तिथं.

ते पुन्हा चालू केलं तर तो चित्राबाहेर जातो, पाण्याकडं. म्हणून तिनं ते चालू केलं नाही. दिवस गेले, महिने गेले. सकाळी उठून आम्ही दोघी त्याच्याकडं बघायचो. वृषाली काच पदरानं पुसायची. मी म्हणायची, "हळू पूस गं, गुदगुल्या व्हत्यात त्याला." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती हसली होती.

३

माघात एकदा लाइट गेली. खोलीत कोयंडा सापडेल इतपत उजेड. मी डब्याकडं पाहिलं आणि हातातलं सूप खाली पडलं. डबा बंद होता. भरत तिथंच होता. राखेनं काढल्यासारखा, फिका, पण तोच. वळलेली मान, हातात पान्हा.

वृषालीनं मोहसीनला फोन लावला. तो म्हणाला, "घाबरू नका मावशी. ह्या जुन्या काचेला आतून एक लेप असतो. एकच चित्र दिवसेंदिवस ठेवलं की लेप भाजतो. मग बंद केलं तरी सावली राहते. एसटी स्टँडवरच्या जुन्या डब्यांवर गाड्यांच्या नावांच्या अशा सावल्या बघितल्यात मी."

"जाईल का ती?"

"भाजलेली काच निवत न्हाई, मावशी. डबा हाय तवर सावली हाय."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. निदान काचेवर तरी लेक कायमचा राहिला.

चैत्राच्या पौर्णिमेला माझे दीर धर्माजी आले. भले आहेत, पण रीतीचे कडक. बसायच्या आधीच म्हणाले, "वहिनी, चार महिने झाले. जीव लटकत ठेवू नये. येत्या अवसेला दर्भाचा पुतळा करू, अग्नी देऊ, दहावा उरकून घेऊ. भटजींना सांगितलंय."

वृषाली दाराशी उभी होती. "आणि माझं कुंकू?"

भावजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पोरी, मी का हौसेनं आलोय?"

ती आत गेली. मग आतून तिची हाक आली, तशी हाक मी तिची त्याआधी ऐकली नव्हती. "आई! गेला!"

डब्यात पाऊलवाट नव्हती, बाभळ नव्हती. काळ्या काचेत मधोमध एक पांढरी उभी रेघ. सगळं चित्र त्या एका रेघेत जाऊन बसलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहसीन हत्यारं घेऊन आला. आधी त्यानं डब्याची वायर काढली आणि आम्हाला लांब बसवलं. "बंद केला तरी ह्याच्या पोटात करंट राहतो. विसरत न्हाई लवकर." लांब पेचकस त्यानं काचेच्या पाठीवरच्या रबरी टोपीखाली सारला. चट् असा आवाज झाला, निळी ठिणगी दिसली. वृषालीनं माझा दंड धरला.

"काचेची मान बघा," तो दाखवत होता. लांब नळीसारखी मान, तिच्यावर तांब्याच्या तारेची गुंडाळी. "ही गुंडाळी चित्राला आडवं पसरवते. हिचा डाख सुटलाय, तारा जळाल्यात. नवा डाख देतो." त्यानं कढई तापवावी तशी ती डाखाची कांडी तापवली, दोन तारा सांधल्या. चहा घेतला. डबा बांधला, लावला.

टण्ण.

चित्र आलं. मोहसीननं कपाळाला हात लावला. "अरारा! उलटं झालं. कोपऱ्यातले तारखेचे आकडे बघा की, आरशात बघितल्यासारखे. दोन तारांचे रंग जळालेत, त्यात अदलाबदल झाली. पाच मिनिटं द्या, परत उघडतो."

मला आकडे कळत नाहीत. मला दुसरंच दिसत होतं. भरत खिडकीकडून दाराकडं चालला होता. पाण्याकडून घराकडं.

वृषालीलाही तेच दिसलं असणार, कारण ती मोहसीनच्या आणि डब्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "राहू द्या, मोहसीनभाऊ."

"अवो वैनी, सगळंच उलटं झालंय. बाभळसुद्धा ह्या अंगाची त्या अंगाला गेली."

"झाडाला कुठं जायचंय?" ती म्हणाली. "हे घरी येत्यात."

मोहसीननं माझ्याकडं पाहिलं. त्या वेळी मी तिला अडवायला हवं होतं. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे बाळा. ती म्हणती तसं."

त्यानं हत्यारं गोळा केली. उंबऱ्यात चपला घालताना म्हणाला, "मावशी, नंतर कधीबी सांगा. सरळ करून देईन."

५

आता त्या काचेवर दोन भरत होते. एक राखेचा, भाजलेला, दाराकडच्या अंगाला. तो पाण्याकडं चाललेला. दुसरा उजेडाचा, खिडकीकडच्या अंगाला; तो घराकडं येत असलेला. दोघं समोरासमोर चालत होते, आणि दोघांच्या माना मागं वळलेल्या. एकमेकांना कुणी बघत नव्हतं.

पहिला मागं का बघतो, ते मला ठाऊक होतं. मी हाक मारली होती. पण हा दुसरा घराकडं येताना मागं पाण्याकडं का बघतोय? त्याला तिथून कुणी हाक मारली?

हा विचार मी मनातच ठेवला. उलटं चित्र आहे म्हातारे, मी स्वतःलाच म्हटलं, आरशात केसाचा भांगही त्या बाजूला जातो.

दोघांमध्ये पहिल्या दिवशी माझी एक वीत अंतर होतं. सहज म्हणून मोजलं होतं. षष्ठीला मोजलं, तर चार बोटं.

फोनवर मोहसीन हसला. "चित्र आवळतंय, मावशी. जुना डबा, आतला एखादा भाग थकला की चित्र कडेनं आत सरकतं. काय भ्यायचं न्हाई."

पटलं मला. फोन ठेवला. मग काचेवर हात ठेवून बाकीचं मोजलं. कडेचं कुंपण जागच्या जागी होतं. खांब तेवढ्याच अंतरावर. बाभळ काचेच्या कडेपासून दोन बोटं, पहिल्या दिवसासारखीच. चित्र आवळलं असतं तर तीही सरकायला हवी होती.

झाड जागचं हललं नव्हतं. त्याला कुठं जायचं नव्हतं.

वृषालीला मी सांगितलं नाही. ती दिवसभर तिथंच बसायला लागली होती. एकदा तिच्यासाठी पाणी घेऊन गेले, तर ती पुटपुटत होती, "अजून थोडं. अवसेच्या आत या."

एकादशीला दोघांमध्ये माझं करंगळीचं बोट कसंबसं मावलं.

६

अवसेला दोन दिवस होते. भावजींनी दर्भ आणून गोठ्याच्या आढ्याला बांधून ठेवला होता. वृषाली डेअरीवर दूध घालायला गेलेली. ऊन उतरायला लागलं होतं, मी चहाचं आधण ठेवलं होतं. लाइट गेलेली.

काच पाहायला मी आत गेले. डबा बंद, म्हणजे राखेचा भरत तरी दिसायला हवा. दिसत होता. पण त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. त्याची मान सरळ झाली होती.

डोळ्यांत पाणी आलं असेल म्हणून पदरानं डोळे पुसले. तेवढ्यात लाइट आली.

टण्ण.

चित्र थरथरलं आणि बसलं. थांबवलेलं चित्र नव्हतं ते. लाइट गेली की डबी पहिल्यापासून चालू होते आणि आत्ताचं दाखवते, हे मोहसीननं सांगितलं होतं. रिकामी पाऊलवाट. बाभळीच्या शेंगा वाऱ्यानं हलत होत्या. बाहेर गायींनी कान टवकारले असतील.

खिडकीकडच्या अंगानं कुणीतरी चित्रात आलं.

पांढरा सदरा. हातात पान्हा. खाली बघत, सावकाश, दाराकडं चाललेला. चाल भरतची. चाल मी विसरेन? ती मी शिकवली.

मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. हाक मारली तर थांबेल, वळेल, परत जाईल, असं काहीतरी त्या वेळी मनात आलं. येऊ दे, म्हटलं. ह्या बारीला मधी बोलू नगंस, सरे.

बरोबर मधोमध तो थांबला. त्यानं मान मागं वळवली. जरा वेळ तसाच उभा राहिला, कुणी काही म्हणेल याची वाट बघत असल्यासारखा. कुणी काही म्हटलं नाही. मग तो पुढं गेला, चित्राबाहेर.

"आई."

दारात भरत उभा होता. वाळलेला, दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. हात रिकामे.

७

काय झालं ते त्याला आठवत नाही. डोक्याला मार, कुठलं तरी बांधकाम, नाशकाकडची माणसं, एक ट्रक. तुकडे तुकडे सांगतो. पोलिसांनी लिहून घेतलं. धर्माजी भावजींनी आढ्याचा दर्भ सोडला आणि गायीपुढं टाकला. गायीनं तो खाल्ला नाही, पण दर्भ तरी कुठं गायीला गोड लागतो.

त्या संध्याकाळी मी त्याला चहा दिला. त्यानं कप डाव्या हातात धरला. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार बसला की हात बदलतात काहींचे. असेल.

मग मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला.

तीन वर्षांचा असताना भरत मोटरीच्या पट्ट्यावर पडला होता. डाव्या भुवईवर खोक. मांडीवर घेऊन तिच्यात हळद मीच दाबली होती. ती खोक माझ्या बोटांना लागली नाही. दुसऱ्या भुवईवर लागली. तेवढीच, तशीच तिरकी.

रात्रीची भांडी घासताना मी वृषालीला म्हटलं, "खोक डावीकडं व्हती."

"उजवीकडंच होती, आई. तुमचं वय झालं."

"फोटो बघू."

"फोनमधले फोटो उलटेच निघतात, त्यावर काय ठरतंय?"

"लग्नाचा बघू की. भिंतीवरचा."

तिनं तवा खाली ठेवला. भिंतीवर नुसता खिळा होता.

"परवा तुमी सगळे मिळून पुतळा जाळणार होता," ती अगदी हळू म्हणाली. "मला नवरा पायजे होता. घरी आलाय. तुमाला काय पायजे, आई?"

मी तवा उचलून घासायला घेतला.

अंथरुणावर पडल्यावर ते माझ्या ध्यानात आलं. भरतनं टेबल तीनदा हलवून लावून दिलं होतं, जसं बाहेर तसं आत. पण मोहसीनच्या हातून तारा बदलल्या आणि आम्ही त्या बदललेल्या ठेवल्या. डबा उलटा होता. त्याच्यात जो पाण्याकडून घराकडं येताना दिसला, तो बाहेर, खऱ्या वाटेवर, घराकडून पाण्याकडं चालला होता. आणि थांबून त्यानं मान वळवली होती ती पाण्याकडं नाही. माझ्या दाराकडं.

पहिल्या बारीला मी हाक मारली होती. ह्या बारीला तोंड दाबून बसले.

सकाळी मी डबा बंद केला आणि काच पाहिली. स्वच्छ होती. राखेचा ठिपकासुद्धा नाही. मोहसीनला बोलावलं, त्यानं डबा खिडकीच्या उजेडाकडं वळवून काच पाहिली, बोटानं घासली. स्वैपाकघरात भरत वृषालीशी हसून काही बोलत होता. मोहसीननं तो आवाज ऐकला आणि पेचकस बाहेर काढला.

"तारा सरळ करून देऊ का मावशी?" त्यानं विचारलं.

"नगं," मी म्हटलं. "आता सरळ केलं तर कोण कुठं जाईल, बाबा?"

चहा न घेताच तो गेला.

८

आता पुढचं सगळं चांगलंच आहे, तेही ऐका.

त्या वर्षी दोन्ही गायी व्याल्या, दोघींना कालवडी. विहीर जेठातही आटली नाही. बिबट्या आमच्या गोठ्याकडं पुन्हा फिरकला नाही. त्याचे ठसे कुंपणापर्यंत येतात आणि तिथून माघारी वळतात, असं वनखात्याचा माणूस म्हणाला. भरत कष्टाळू आहे. उलट बोलत नाही, माझे पाय चेपतो. आणि नऊ वर्षं जे झालं नाही ते झालं. फाल्गुनात वृषालीला मुलगा झाला. धर्माजी भावजींनी येडगावपासून आळ्यापर्यंत पेढे वाटले, नाव समर्थ ठेवलं. वृषाली हल्ली गुणगुणत काम करते. तिच्या पेटीच्या तळाशी साड्यांखाली एक चौकट पालथी ठेवलेली आहे. मी ती उलटून बघितलेली नाही.

डब्यावर मी गोधडी टाकून ठेवलीय.

रोज चारला मी चहा ठेवते, आणि दारात उभी राहून पाऊलवाटेकडं तोंड करून हाक मारते, "चहा पिऊन जा रं!"

"पितोय की, आई," ओट्यावरून भरत म्हणतो, आणि डाव्या हातातला कप मला वर करून दाखवतो.

वृषालीच्या कडेवर समर्थ असतो. दहा महिन्यांचा झालाय. माझी हाक ऐकली की तो मान वळवतो, रिकाम्या वाटेकडं बघतो आणि दोन्ही हात पुढं करून खुदकन हसतो, घरचं माणूस लांबून येताना दिसल्यावर पोरं हसतात तसा.

एवढं माझं घर भरलं.